‘देवाची खोशी’ म्हणण्यापूर्वी

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ‘देवाची खोशी’ हे शब्द बहुधा गोष्ट घडून गेल्यावर ऐकू येतात. व्हिसा नाकारला जातो, ठरलेली सोयरीक मोडते, आजारी माणूस जातो, आणि कोणीतरी सुस्कारा टाकून हे दोन शब्द उच्चारतो. त्यानंतर त्या विषयावर बोलण्यासारखे काही उरत नाही. मी वसईत वाढले आणि लग्नानंतर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात आले. प्रभूची प्रार्थना लहानपणी मराठीत पाठ केली होती, ती इथे आल्यावर कोकणीत नव्याने शिकले आणि तेव्हा या शब्दांची दुसरी बाजू माझ्या लक्षात आली. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणा किंवा ‘तुजी खोशी जांव’ म्हणा, ही विनंती व्हायच्या गोष्टीविषयी आहे. जी इच्छा अजून पुरी व्हायची आहे आणि जिला माझाही हात लागायचा आहे, ती मला आधी ओळखता यायला हवी. हे ओळखण्याच्या शिस्तीला मराठीत आध्यात्मिक विवेक म्हणतात, काहीजण आत्म्यांची पारख म्हणतात. शब्द जड आहेत, पण काम स्वयंपाकघरातल्या कामाच्या फार जवळचे आहे.

मराठीत ‘निवडणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. आपण तांदूळ निवडतो तेव्हा ते ताटात पसरून खडे, गोटे आणि किडके दाणे बाजूला काढतो. आपण प्रतिनिधी निवडतो तेव्हा अनेकांतून एकाला पसंत करतो. नव्या करारात या कामासाठी ‘दिआक्रिसिस’ हा ग्रीक शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ वेगळे करणे असा आहे, आणि संस्कृतातला ‘विवेक’ही वेगळे करणे या अर्थाच्या ‘विच्’ धातूपासूनच आला आहे. माणसे या विषयाकडे बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थासाठी येतात, म्हणजे ही नोकरी धरू की ती, हे घर विकू की ठेवू, याचे उत्तर हवे म्हणून येतात. परंपरा मात्र त्यांच्या हातात आधी ताट देते. मनात जे जे येते ते पसरा, त्यातले काय कुठून आले ते पाहा, आणि मग पसंतीचे बोलू, असे ती सांगते. योहानाच्या पहिल्या पत्रातला सल्ला असाच आहे: प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते देवापासून आहेत की नाहीत याची परीक्षा करा.

काही गोष्टी या ताटात पडायलाच नकोत. पंचायतीतल्या कारकुनाला पाकीट द्यावे की देऊ नये, यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करण्याची गरज नाही. दहा आज्ञांनी ते आधीच ठरवून ठेवले आहे. विवाहासारखे जे बंधन एकदा रीतसर स्वीकारले ते पुन्हा निवडीला काढायचे नसते, त्यात अधिक चांगले कसे जगावे एवढाच प्रश्न उरतो. विवेकाचे खरे क्षेत्र जिथे दोन्ही वाटा चांगल्या आहेत किंवा चांगल्या दिसतात तिथे सुरू होते. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल त्या ओळीला देवाचे उत्तर मानायचे, हाही विवेक नव्हे, मग तो कितीही श्रद्धेने केलेला असो. कोणी म्हणेल की प्रेषितांनीही यहूदाच्या जागी मत्थियाला नेमताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ते खरे आहे, पण पवित्र आत्मा उतरल्यानंतर त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याची नोंद नव्या करारात नाही. ख्रिस्ती होणाऱ्या अन्यधर्मीयांवर सुंतेची सक्ती असावी का, हा मोठा वाद उभा राहिला तेव्हा ते यरुशलेमेत एकत्र बसले, पुष्कळ वादविवाद झाला, अनुभव ऐकले गेले, शास्त्र तपासले गेले, आणि मगच हे पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटले असे त्यांनी लिहून कळवले. त्या पत्रातले ‘आणि आम्हाला’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात.

या साऱ्याला नियमांचे रूप देणारा माणूस धर्मगुरू म्हणून घडलेला नव्हता. लोयोलाचा इग्नेशियस हा बास्क सरदारघराण्यातला लढवय्या १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला आणि मोडका पाय घेऊन महिनोन्‌महिने घरी पडून राहिला. त्याला वाचायला शूर सरदारांच्या प्रेमकथा हव्या होत्या, पण घरात त्या नव्हत्या. ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा एवढेच मिळाले. मग त्याचे मन दोन प्रकारची स्वप्ने पाहू लागले. कधी एका उच्चकुलीन स्त्रीसाठी आपण कोणते पराक्रम करू याचे, तर कधी संतांसारखे अनवाणी यरुशलेमेला जाण्याचे. दोन्ही स्वप्ने रंगात असताना सारखीच गोड होती. फरक पडे तो नंतर. पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी होई, दुसरे ओसरल्यावरही आनंद मागे राहत असे. बरेच दिवस त्याच्या हे लक्षातही आले नाही. एके दिवशी आले, आणि पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या नावाने १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या छोट्या पुस्तकाची मुळे त्या दिवसात आहेत. पदार्थाची पारख पहिल्या घासावर करू नये, मागे राहणाऱ्या चवीवर करावी, असे माझी सासू वेगळ्या संदर्भात म्हणत असे.

इग्नेशियसने या दोन मागे उरणाऱ्या चवींना नावे दिली. मन देवाकडे, विश्वासाकडे, आशेकडे, प्रेमाकडे ओढले जाते त्या अवस्थेला सांत्वन, आणि ते अंधारलेले, अस्वस्थ, आळसावलेले, प्रेमाविना असल्यासारखे होते त्या अवस्थेला ओसाडपण. इथे घाईने वाचणाऱ्याची हमखास फसगत होते, कारण सांत्वन म्हणजे बरे वाटणे आणि ओसाडपण म्हणजे वाईट वाटणे असा अर्थ तो लावतो. स्वतःच्या पापाबद्दल मनापासून आलेले अश्रू इग्नेशियसच्या हिशेबात सांत्वन आहेत. उलट, शेजाऱ्याशी बोलणे टाकल्यावर जो हलकेपणा येतो तो कितीही सुखाचा असला तरी सांत्वन नव्हे. ‘मी प्रार्थना केली, मला शांत वाटले, म्हणून ठरवले’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कानावर पडताच मी सावध होते. अवघड काम टळले म्हणूनही शांत वाटते.

ओसाडपणाविषयीचा त्याचा नियम रोजच्या जगण्यात सर्वांत उपयोगी आहे, आणि सर्वांत जास्त मोडलाही जातो: अशा काळात आधीचा निर्णय बदलू नये. चांगल्या दिवसांत, स्वच्छ मनाने जे ठरवले होते त्यालाच धरून राहावे, प्रार्थना थोडी वाढवावी, आणि हेही दिवस जातील हे लक्षात ठेवावे. रात्री अकराला, भांडणानंतर, राजीनाम्याचा मजकूर मोबाईलवर लिहून पाठवणाऱ्या माणसाला हा एक नियम पुरेसा आहे. ओसाडपणाची कारणेही तो तीन सांगतो. कधी आपणच भक्तीत ढिलाई केलेली असते, कधी ती परीक्षा असते, आणि कधी सांत्वन ही आपली कमाई नव्हे, देणगी आहे हे कळावे म्हणून ते काढून घेतले जाते. इथे एक इशारा मला माझ्या वतीने द्यायचा आहे. झोप उडाली, जेवण तुटले, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटेना, जीव नकोसा झाला, तर त्याला आध्यात्मिक ओसाडपण म्हणून सहन करत बसू नये. तो आजार असू शकतो, आणि त्यासाठी बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टरांकडे जाणे हाही विवेकच आहे.

मनातल्या या हालचाली टिपायच्या कशा, तर रोज रात्री थोडा वेळ मागे वळून पाहून. इग्नेशियसने याचे पाच टप्पे सांगितले आहेत. मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानावेत, स्वतःला पाहता यावे म्हणून कृपा मागावी, दिवस उठल्यापासून तासातासाने तपासावा, चुकले त्याची क्षमा मागावी आणि उद्या सुधारण्याचा निश्चय करावा. ज्या घरांत अजून संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो तिथे त्यानंतर दहा मिनिटे काढणे अवघड नाही. गोव्यातल्या वाचकाला हे समजावण्यासाठी खाजन शेताकडे बोट दाखवता येते. खाडीकाठच्या या शेतांच्या बांधात जे दार बसवलेले असते त्याला इथे मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने ते मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर पडताना उघडते, आणि त्यामुळे खारे पाणी भातात शिरत नाही. दाराच्या फळ्या कोणी बघितल्या नाहीत तर एक दिवस ते पुरते मिटत नाही, आणि हे पीक पिवळे पडल्यावर कळते. मराठीत मानस म्हणजे मन, हा योगायोग मला आवडतो. अर्थात उपमा फार ताणू नये, कारण मनात बाहेरून येणारे सगळेच पाणी खारे नसते.

येथपर्यंतचे बहुतेक लोकांना पटते. पुढचा भाग कठीण आहे, कारण भक्ती करणाऱ्या माणसाला वाईट गोष्ट वाईट म्हणून भुलवत नाही. ती चांगल्या रूपात येते. सैतानही तेजस्वी देवदूताचे रूप घेतो, असे पौलाने करिंथकरांना लिहिले होते. एक प्रसंग कल्पून पाहू. बार्देशातल्या एका जुन्या घराचे चार वारस आहेत. इथल्या पोर्तुगीजकालीन दिवाणी संहितेप्रमाणे मुलींनाही मुलांइतकाच वाटा असतो. तिघे भाऊ बहिणीला म्हणतात, ‘बाय, तुझे सगळे बरे चालले आहे, तू हक्कसोड करून दे, म्हणजे घर शाबूत राहील.’ ती प्रार्थना करते. ख्रिस्ताने अंगरखा मागणाऱ्याला झगाही द्यायला सांगितले होते, हे तिला आठवते. मन भरून येते, आणि ती सही करायला तयार होते. हा आवाज देवाचा आहे का?

नुसत्या त्या क्षणावरून सांगता येणार नाही. इग्नेशियस म्हणतो, विचाराचा सारा प्रवास पाहा: आरंभ, मध्य आणि शेवट. तिन्ही चांगले असतील तर तो चांगल्या आत्म्याचा. वाटेत कुठे तो वाईटाकडे किंवा मुळात ठरवले होते त्याहून कमी चांगल्याकडे वळला, किंवा त्याने आधीची शांती हिसकावून घेतली, तर ती सैतानाची, सापाची शेपटी ओळखावी. त्या बहिणीने सही करण्यापूर्वी दोन-तीन आठवडे स्वतःकडे पाहिले, असे समजू. कदाचित तिला दिसेल की तिचा औदार्याचा विचार पुढे सरकतो तो मोकळेपणाकडे. भावांच्या मुलांना त्या ओसरीवर खेळताना पाहून तिला बरे वाटते, आणि नवऱ्याला, मुलीला हे उघडपणे सांगायला तिला संकोच वाटत नाही. कदाचित उलटही दिसेल. विचार सुरू झाला तो सुवार्तेतल्या वचनाने, मध्ये आली ती ‘भांडले तर फेस्ताला, गावच्या सणाला, माहेरी कोण बोलावणार’ ही भीती, आणि शेवटी उरले ते असे समाधान की आता भाऊ जन्मभर आपल्या उपकाराखाली राहतील. मुलीला हे कळू नये असेही तिला वाटते आहे. त्याच सहीमागे दोन वेगळे आत्मे असू शकतात, आणि बाहेरून पाहणाऱ्या नोटरीला ते कधी दिसणार नाहीत. दुसऱ्या बाबतीत तिने आपला वाटा मागणे हेच अधिक ख्रिस्ती ठरू शकते, कारण भावांना न्यायाने वागण्याची संधी देणे हेही प्रेमच आहे. देवाकडे चाललेल्या माणसाला चांगल्या आत्म्याचा स्पर्श पाणी स्पंजात मुरावे तसा अलगद जाणवतो, वाईट आत्म्याचा पाणी दगडावर आपटावे तसा आवाज करून, अशी इग्नेशियसची उपमा आहे. त्याच्या सगळ्या उपमा मात्र अशा टिकलेल्या नाहीत. शत्रूची, म्हणजे सैतानाची, तुलना भांडखोर बाईशी करणारी त्याची उपमा आजचा कोणी साधनाशिक्षक न संकोचता वाचून दाखवत असेल, असे मला वाटत नाही.

मनातल्या हालचालींतून काहीच स्पष्ट होत नसेल, तर बुद्धी वापरायची आहे. एखाद्या तारवट्याला जहाजावरचे नवे कंत्राट आले आहे आणि घरी लहान मूल आहे. त्याने वहीच्या पानाचे चार भाग करावेत. जाण्याचे फायदे, जाण्याचे तोटे, न जाण्याचे फायदे, न जाण्याचे तोटे. पहिला आणि चौथा रकाना सारखाच भरेल असे वाटते, पण तसे होत नाही. स्वतः करून पाहिल्यावरच हे पटते. मग त्याने कधी न पाहिलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणावा, जो याच पेचात आहे आणि ज्याचे भले व्हावे एवढीच आपली इच्छा आहे, आणि त्याला आपण काय सांगू ते पाहावे. शेवटी, मरणाच्या वेळी आपण काय ठरवलेले असावे असे वाटेल, हेही विचारावे. पण हे सारे करण्यापूर्वी एक अट आहे, तिला मराठीत अनासक्तीच म्हणावे लागेल: दोन्हींपैकी कोणत्याही उत्तरासाठी मोकळे असणे. ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात एक दृष्टान्त आहे. काही माणसांना प्रत्येकी दहा हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मिळाले आहेत, अगदी शुद्ध हेतूने नव्हे, आणि त्यांचे मन त्यात अडकले आहे. पहिल्या प्रकारच्या माणसाला ती आसक्ती सुटावी असे वाटते, पण मरेपर्यंत तो काहीच करत नाही. तिसरा खरोखर मोकळा होतो, ठेवायलाही आणि टाकायलाही. दुसऱ्या प्रकारचा माणूस मला सर्वांत ओळखीचा वाटतो: त्याला आसक्ती सोडायची आहे, पण पैसा ठेवून, म्हणजे देवानेच आपल्या मताकडे सरकावे अशी त्याची अपेक्षा आहे. आपल्या कितीतरी नवसांत हाच माणूस मेणबत्ती लावून बसलेला असतो.

अशी मोकळीक आधीच कमावलेली असेल तर निर्णयाला वेळ लागत नाही. जुन्या गोव्यात ज्याच्या शवप्रदर्शनाला दर दहा वर्षांनी रांगा लागतात, तो इग्नेशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर हिंदुस्थानासाठी आधी निवडलाच गेला नव्हता. १५४० मध्ये बोबादिया नावाचा दुसरा सोबती रोममध्ये ऐनवेळी आजारी पडला, आणि इग्नेशियसने झेवियरला विचारले. तो तत्काळ निघाला, पुढच्या वर्षी लिस्बनहून जहाजात बसला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. त्या तत्परतेमागे सहा वर्षांपूर्वी पॅरिसला महिनाभर एकांतात केलेली साधना होती, हे विसरून चालणार नाही.

एवढे सगळे करूनही माणूस एकटा असेल तर फसतो. पाचव्या शतकात जॉन कॅसियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या हेरोन नावाच्या वृद्ध तपस्व्याची हकीकत लिहून ठेवली आहे. पन्नास वर्षे कडक तप केलेला हा माणूस ईस्टरलाही इतर तपस्व्यांसोबत जेवायला येत नसे, कारण नियम मोडेल. एका रात्री त्याला देवदूत दिसला असे वाटले. तुझ्या पुण्याईने तुला इजा होणार नाही, असा त्याचा भरवसा ऐकून हेरोनने खोल विहिरीत उडी मारली. बाहेर काढल्यावर तिसऱ्या दिवशी तो मेला, आणि तोवर आपण फसलो हे त्याला पटले नाही. म्हणून वाईट आत्मा गुप्ततेवर जगतो, आणि जे कोणालाच सांगू नये असे वाटते तेच आधी शहाण्या माणसाला सांगावे, असा नियम आहे. तो शहाणा माणूस फादर असेल, सिस्टर असेल किंवा एखादी प्रार्थनाशील काकी असेल. त्याने मात्र तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे, कोणत्याही पारड्यावर बोट ठेवू नये, असे इग्नेशियस बजावतो. ‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे’ असे प्रार्थनासभेत कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याचे नम्रपणे ऐकून घ्यावे आणि मग तेही ताटात पसरावे. देवाची इच्छा आपल्याला पक्की कळली आहे असे ज्यांना वाटले त्यांनी काय केले, हे गोव्याला बाहेरून कोणी शिकवण्याची गरज नाही. इथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, १५६० साली आले आणि मध्यंतरीची थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत राहिले. आत्म्याची फळे म्हणून पौलाने गलतीकरांना जी यादी दिली तिच्यात प्रीती, शांती, सहनशीलता, ममता, सौम्यता आहेत, आणि त्या तुरुंगांत यांपैकी काय पिकले हा प्रश्न त्या काळीही विचारता आला असता.

निर्णय झाल्यावर तो पुन्हा प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा आणि तो टिकतो का ते पाहायचे, ही शेवटची पायरी. इथे उलट्या बाजूचा धोका येतो, कारण काही माणसांना एक खूण पुरत नाही, दुसरी मिळाली तरी तिसरी हवी असते. स्वतः इग्नेशियसचीच गत अशी झाली होती. आपण स्थापलेल्या येशूसंघाच्या (जेझुइटांच्या) चर्चना ठरावीक उत्पन्न असावे की नसावे, या एका प्रश्नासाठी त्याने १५४४ च्या फेब्रुवारीपासून चाळीस दिवस रोज मिस्सा अर्पण करून काय जाणवले याच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या वहीतला काही भाग आजही उपलब्ध आहे. उत्पन्न नको हे उत्तर त्याला लवकरच मिळाले होते, तरी तो पुष्टी मागत राहिला. १२ मार्चला त्याच्या ध्यानात आले की आता आपण देवासाठी नाही, आपल्याच समाधानासाठी खुणा मागत आहोत. सांत्वनाने भरलेल्या मनानेच हे प्रकरण संपावे, असा आपला हट्ट आहे. मन त्या दिवशी भरलेले नव्हते. तरी त्याने नोंदीत ‘संपले’ असा शब्द लिहिला आणि दुसऱ्या विषयाकडे वळला.